टर्म संपायच्या आत मार्क दाखवा, आणि बघाच

दर टर्मला साधारण मध्यावर तोच वाद पेटतो. चालू कोर्सचे मार्क विद्यार्थ्यांना पोर्टलवर दिसू द्यायचे की निकाल लागेपर्यंत झाकून ठेवायचे. एका बाजूचे लोक म्हणतात की ही मुलं शिकायला येतच नाहीत, मार्क मोजायला येतात, दिवसातून दहा वेळा पेज रिफ्रेश करतात, त्यांना आकडा दाखवला की उरलंसुरलं शिकणंही संपलं. दुसरी बाजू म्हणते मार्क आमचे आहेत, बघायचा हक्क आमचा आहे, विषय संपला. मी पंधरा-सोळा वर्षं शिकवतेय आणि हा वाद ऐकून मला मनापासून वाईट वाटतं, कारण दोघंही एका गोष्टीबद्दल बोलतच नाहीत, ती म्हणजे वेळ. मार्क आज ना उद्या दिसणारच आहेत. प्रश्न एवढाच आहे की ते दिसल्यावर त्या मुलाला काही करता येईल अशा वेळी दिसायला हवेत, की सगळं हातातून गेल्यावर?

माझं मत आधीच सांगते. टर्मच्या आत मार्क दाखवणं हे शिक्षकाचं काम आहे, आणि टर्मच्या आत ते उघडून आपल्या हातातल्या पेपरशी पडताळणं हे विद्यार्थ्याचं काम आहे. यात कुणी कुणावर मेहेरबानी करत नाही. आणि या दुसऱ्या कामाला आपण जे "मार्कांच्या मागे लागणं" म्हणून हिणवतो ना, ते ताबडतोब थांबवायला हवं, कारण त्यातून खरं नुकसान होतं. ते कसं होतं हे मी स्वतः केलेल्या एका चुकीमुळे शिकले.

एका टर्मला पहिल्या चाचणीचे मार्क मी एक्सेलमध्ये भरत होते. २० मार्कांची चाचणी, ४३ मुलं. मार्क भरले पेपरच्या गठ्ठ्याच्या क्रमाने, म्हणजे जो पेपर वर आला त्याचं नाव लिहायचं, शेजारी मार्क लिहायचे. मग यादी आडनावाप्रमाणे लावायची म्हणून नावांचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट केला. एक्सेल अशा वेळी विचारतं, शेजारचा डेटा पण सोबत घेऊ का, आणि मी घाईत नको म्हटलं. नावं सगळी अ ते ज्ञ रांगेत आली, मार्क जागचे हलले नाहीत. तीच शीट पोर्टलवर चढवली. कुणाचे मार्क कुणाच्या नावासमोर काही पत्ता नाही, आणि मला संशयसुद्धा आला नाही, कारण आकडे सगळे खरेच होते, सरासरी तीच होती, सगळ्यात जास्त तेच, सगळ्यात कमी तेच. बेरजेवरून ही चूक कधीच सापडली नसती. नवव्या आठवड्यात एक मुलगी पेपर घेऊन आली. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लाल पेननं १७ लिहिलेलं, आणि मोबाईलच्या स्क्रीनवर ११. पहिलं वाक्य काय बोलली माहितीये, "मॅडम सॉरी, मला मार्क वाढवून नकोयत, फक्त एकदा बघाल का."

मी त्या दिवशी सगळे पेपर परत मागवले. ४३ पैकी जेमतेम पाच जणांचे आकडे योगायोगानं बरोबर होते. वर्गात विचारलं की कुणीच कसं बोललं नाही, तर निम्म्यांनी पोर्टल उघडलंच नव्हतं, आणि आठ-दहा जणांनी उघडलं होतं, फरक दिसला होता, आणि गप्प बसले होते. एकाला पेपरवर १६ होते आणि स्क्रीनवर ६. तो म्हणाला मला वाटलं तुम्ही नंतर परत तपासला असेल. तीन आठवडे तो मुलगा त्या ६ वर काढत होता. आता सांगा, या वर्गाला मार्कांचा हव्यास होता का? माझ्या वर्गात मार्कांबद्दल विचारणं म्हणजे भीक मागणं अशी हवा होती आणि ती हवा मीच वर्षानुवर्षं तयार केली होती, "मार्कांचं नंतर बघू, आधी विषय बघा" हे वाक्य दर तासाला ऐकवून. त्या वाक्यानं ज्यांना खरोखर हुज्जत घालायची असते ती मुलं कधीच थांबली नाहीत, ती यायचीच. थांबली ती सभ्य, लाजाळू, आपलंच काहीतरी चुकलं असेल असं मानणारी मुलं.

मार्क चुकतात ही गोष्ट मान्य करायला आपल्याला जड जातं, पण ती शंभर वर्षांहून जुनी आणि मोजून झालेली गोष्ट आहे. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघा संशोधकांनी इंग्रजीचा एकच पेपर वेगवेगळ्या शाळांकडे तपासायला पाठवला आणि तो १४२ शिक्षकांनी तपासून दिला. १०० पैकी मार्क आले ६४ पासून ९८ पर्यंत. लोक म्हणाले भाषेचा विषय आहे, असं होणारच, म्हणून पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर पाठवला, तर त्यात फरक आणखी मोठा निघाला. ही झाली निर्णयातली तफावत. त्यावर बेरजेतल्या चुका, भरण्यातल्या चुका, शेवटच्या पानाच्या मागे लिहिलेलं उत्तर राहून जाणं, असाइनमेंट चुकीच्या फोल्डरमध्ये सबमिट होऊन "मिळाली नाही" दिसणं, हे सगळं वेगळंच. माणसानं भरलेल्या कुठल्याही हिशोबात हे होणार. म्हणून तर बँकेचं पासबुक आपण भरून आणतो आणि बघतो. पासबुक बघणाऱ्याला कुणी पैशाचा लोभी म्हणत नाही.

आणि ही चूक टर्मच्या आत सापडली तर दोन मिनिटांचं काम असतं. पेपर समोर, तपासणारा समोर, एक आकडा बदलायचा. तीच चूक निकालानंतर सापडली की अर्ज, फी, विभागप्रमुखांची सही, परीक्षा विभाग, समिती, आणि तोवर शिकवणारी व्यक्ती तासिका तत्त्वावर असेल तर कदाचित दुसरीकडे गेलेली. हक्काचं म्हणाल तर हक्क आहेच. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानं विद्यार्थ्याला स्वतःचं रेकॉर्ड बघायचा अधिकार दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला बघता येते. २०१७ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयानं तर उत्तरपत्रिका आणि त्यावरचे परीक्षकाचे शेरे हा त्या परीक्षार्थीचा वैयक्तिक डेटा आहे असं ठरवलं. पण हक्कवाल्या मित्रांनी २०११ च्या त्याच निकालातला पुढचा भाग पण वाचावा. संस्थेनं जितका काळ उत्तरपत्रिका जपून ठेवणं अपेक्षित आहे तेवढाच काळ तो हक्क चालतो, त्यानंतर कागदच नसतील तर दाखवणार काय. म्हणजे हक्कालाही मुदत आहे, आणि नुसता "हक्क आहे" म्हणून बसून राहणाऱ्याच्या हातात शेवटी काही लागत नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच.

झाकून ठेवणाऱ्यांचा एक आवडता युक्तिवाद आहे, आमच्या वेळी कुठे दिसायचे मार्क, एकदम निकालच कळायचा, तरी आम्ही शिकलोच ना. याला खूप जुना इतिहास आहे आणि तो इतिहास त्यांच्या बाजूचा नाहीये. केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा घ्या. रँग्लर हा शब्द मराठी घराघरात पोचला तो रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांमुळे, १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर, म्हणजे त्या परीक्षेत पहिले, झाले. त्या परीक्षेचा निकाल सिनेट हाऊसमध्ये गुणानुक्रमे वाचून दाखवायचे, पहिला कोण, दुसरा कोण, शेवटपर्यंत. तयारीत वर्षं घालवायची आणि आपण कुठे आहोत ते त्या एका सकाळी कळायचं. मग ती मुलं खरंच अंधारात असायची का? ज्यांना परवडायचं ती नसायची. एडवर्ड राऊथ नावाचे खासगी शिक्षक होते, त्यांच्या हाताखालून दोन डझनांहून जास्त सीनियर रँग्लर बाहेर पडले, आणि त्यांच्या पद्धतीचा एक मोठा भाग म्हणजे दर आठवड्याला गणितांचा पेपर आणि त्याच्या मार्कांची सगळ्यांना दिसेल अशी यादी. म्हणजे बघा, विद्यापीठ जे शेवटपर्यंत सांगत नव्हतं ते राऊथकडे फी भरणाऱ्याला दर आठवड्याला कळत होतं. माहिती दाबली की ती संपत नाही, ती फक्त काही लोकांपुरती उरते. आजही तेच आहे. ज्याची मोठी बहीण त्याच कॉलेजातून गेलीय, जो बेधडक केबिनमध्ये शिरून "सर माझं कितपत चाललंय" विचारू शकतो, त्याला सगळं कळतं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीला पोर्टल बंद असलं की काहीच कळत नाही. ट्रायपॉसची ती गुणानुक्रमाची पद्धत १९०९ नंतर बंद झाली, आपण मात्र अजून त्या एका सकाळीच्या प्रेमात आहोत.

"ज्याचं त्याला कळतंच की" हे पण ऐकते मी. नाही कळत. १९९९ मध्ये क्रुगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या विनोद, व्याकरण आणि तर्क अशा चाचण्या घेतल्या आणि तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे असाल असं विचारलं. सगळ्यात खालच्या पाव गटातली मुलं प्रत्यक्षात सरासरी १२ व्या पर्सेंटाइलला होती, म्हणजे शंभरात जेमतेम बारा जणांच्या पुढे, आणि त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज होता ६२ वा. त्या अभ्यासावर नंतर बरीच चर्चा झालीये, आकडेशास्त्राचे आक्षेप आहेत, पण जो कुणी वर्गात शिकवतो त्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. ज्याला बाहेरून कुणीतरी सांगायची सगळ्यात जास्त गरज असते, त्यालाच ती गरज जाणवत नसते. त्याला आपण म्हणतो तू आतून ओळख.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेते, आणि तो खरोखर भक्कम आहे. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त शेरे दिले, काहींना फक्त मार्क, आणि काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं आणि त्यांचा रस टिकला. मार्कवाल्यांचं तसं झालं नाही, आणि कळीची गोष्ट म्हणजे दोन्ही मिळालेल्यांचंही झालं नाही. शेजारी आकडा असला की शेरा बिनकामाचा होतो. माझा स्वतःचा अनुभव हाच आहे, मी अर्धा तास घालवून समासात लिहिलेलं मुलं वाचत नाहीत, पान उलटून आकडा बघतात आणि पेपर बॅगेत. म्हणून ज्यांना आकडा खुपतो त्यांचं दुखणं मला कळतं आणि ते खरं आहे.

पण या प्रयोगाचा आधार घेऊन पोर्टल बंद करणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की तुम्ही त्या मुलांना काय दिलंत? बटलरच्या प्रयोगातल्या त्या गटाला मार्क नव्हते पण माहिती होती, काय जमलंय, काय सुधारायला हवं, आणि ती पुढचं काम करायच्या आधी मिळाली होती. आपल्याकडे मार्क झाकणारे बहुतेक जण शेरेही देत नाहीत, पेपर परतसुद्धा देत नाहीत. म्हणजे मार्कही नाहीत आणि शेरेही नाहीत, आणि टर्मअखेर ग्रेड मात्र आहेच, ती कुणी रद्द केलेली नाही. असा चौथा गट त्या प्रयोगात नव्हता, आणि आपण आपल्या मुलांना नेमकं त्याच गटात बसवलंय. मायकेल स्क्रिवन यांनी १९६७ मध्ये मूल्यमापनाचे दोन प्रकार वेगळे केले, एक चालू कामात सुधारणा करण्यासाठीचं आणि एक काम झाल्यावर निवाडा देणारं, आणि बी.एड. केलेल्या प्रत्येकाला ते पाठ असतं. तर मग टर्मच्या मधली चाचणी शेवटी दाखवून आपण पहिल्याला दुसऱ्यात का बदलतो? बटलरचं खरंच ऐकायचं असेल तर सोपा उपाय आहे, मी आता तोच करते. आधी फक्त शेरे देऊन पेपर परत, त्यावर एक तास चर्चा, आणि मार्क पोर्टलवर चार दिवसांनी. शेरे वाचून आपल्याला किती पडले असतील ते त्यांनाच लिहायला सांगते. यात आकडा लपवलेला नाही, फक्त मागून येतो.

काही नावाजलेल्या संस्थांची उदाहरणं पण देतात. ओरेगनमधल्या रीड कॉलेजात विद्यार्थ्यांना ग्रेड आपणहून कळवत नाहीत, एमआयटीनं १९६८ मध्ये पहिल्या वर्षाला पास-नापासची पद्धत आणली. बरोबर आहे. पण रीडमध्ये पेपर लांबलचक शेऱ्यांसह परत येतात, ज्याला ग्रेड बघायचीय तो विचारू शकतो, आणि काम समाधानकारक नसेल तर ते कळवलं जातं. म्हणजे ज्याची गाडी घसरतेय त्याला वेळेत सांगायची सोय त्यांनी ठेवली, बाकीच्यांना आकड्यापासून थोडं लांब ठेवलं. आपण नेमकं उलटं करतो, सगळ्यांना अंधारात ठेवतो आणि घसरणाऱ्याला सगळ्यात शेवटी सांगतो.

ताणाचा मुद्दा मी हलका घेत नाही. मधल्या चाचणीचा वाईट आकडा बघून रात्रभर न झोपलेली मुलं मी पाहिलीयत. पण "त्यांना झेपणार नाही म्हणून सांगायचं नाही" हा युक्तिवाद आपण याआधी एका फार गंभीर ठिकाणी ऐकलाय आणि त्याचं पुढे काय झालं तेही आपल्याला माहितीये. १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं होतं की कॅन्सर झालाय हे तुम्ही पेशंटला सांगता का. साधारण ९० टक्के म्हणाले, नाही सांगत. कारण तेच, खचेल, आशा सोडेल, त्याच्या भल्यासाठीच. १९७९ मध्ये दुसऱ्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना तसाच प्रश्न विचारला तेव्हा ९७ टक्के डॉक्टर म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत माणसांचं काळीज काही घट्ट झालं नव्हतं. बदललं ते एवढंच की उपचार करण्यासारखे झाले, पेशंटचा निर्णयात वाटा आहे हे मान्य झालं, आणि न सांगण्यानं भीती कमी होत नाही, ती एकट्यानं सोसावी लागते हे लोकांना कळलं. मार्कांची बरोबरी मी आजाराशी करत नाहीये, पण युक्तिवादाचा सांगाडा तोच आहे. जिथे उपाय शिल्लक आहे तिथे न सांगणं ही काळजी कशी? आणि टर्मच्या मध्यावर तर उपाय शिल्लक असतोच, काही ठिकाणी नापासाचा शिक्का न बसता कोर्स सोडायची तारीखसुद्धा मध्यानंतरच कधीतरी असते. ती तारीख उलटून गेल्यावर आकडा कळला तर त्या सोयीचा उपयोग काय?

राहिला तो मुद्दा की अर्धवट आकडा दिशाभूल करतो. हा मला सगळ्यात प्रामाणिक आक्षेप वाटतो, कारण तो खरोखर करतो, आणि इथे विद्यार्थ्यांनाही थोडं ऐकवायचंय. समजा कोर्सची विभागणी अशी आहे, असाइनमेंट ३०, दोन चाचण्या मिळून ३०, शेवटची परीक्षा ४०. फक्त असाइनमेंट तपासून झाल्यात आणि एकीला ३० पैकी २७ आहेत. पोर्टल दाखवतं ९० टक्के. ती निवांत. पण तिला एकूण ७५ हवे असतील तर उरलेल्या ७० पैकी ४८ लागतात, म्हणजे जवळजवळ ६९ टक्के, आणि तेही चाचणी-परीक्षेत, जिथे घरी बसून कुणाला विचारून लिहिता येत नाही. दुसरा आहे त्याला ३० पैकी १५, स्क्रीनवर ५० टक्के, आणि सेटिंग असं असेल की न झालेल्या परीक्षाही शून्य धरल्या जातात तर स्क्रीनवर चक्क १५. त्याला वाटतं संपलं, हा कोर्स गेला. त्याला पास व्हायला ४० हवेत तर ७० पैकी २५ लागतात, म्हणजे ३६ टक्क्यांच्या आसपास. पहिलीला घाबरायला हवं होतं थोडं आणि दुसऱ्याला धीर धरायला हवा होता, आणि आकड्यानं दोघांनाही उलटंच सांगितलं.

मग काय, आकडा झाकायचा? अहो, आकडा वाचायला शिकवायचं. मूडल आणि कॅनव्हास ही कॉलेजांची पोर्टलं चालवणारी सॉफ्टवेअरं घ्या. मूडलमध्ये रिकामे रकाने हिशोबात धरायचे की नाही याचं सेटिंग शिक्षकाच्या हातात असतं. कॅनव्हासमध्ये विद्यार्थ्याला स्वतः पुढच्या परीक्षेचे काल्पनिक मार्क टाकून बघता येतात, एकूण किती होईल ते दिसतं. ही सोय आहे हे किती जणांना कुणी सांगितलंय? मी मुलांना सांगते, वरची ती मोठ्या अक्षरातली टक्केवारी आधी बघूच नका, खालची यादी बघा. प्रत्येक कामासमोर आकडा आहे का? जिथे शून्य दिसतंय ते खरंच शून्य आहे की नुसता रिकामा रकाना? दहा असाइनमेंटपैकी नऊंना प्रत्येकी दहापैकी ८ आहेत आणि दहावी तुम्ही दिली होती पण चुकीच्या ठिकाणी अपलोड झाली म्हणून तिथे ० लागलंय, तर ८० चे ७२ होतात, आणि ते आठ मार्क तुम्ही कमावलेले आहेत. हातातल्या पेपरवर जे लिहिलंय तेच स्क्रीनवर आहे का? कशाला किती वजन आहे, आणि अजून काय बाकी आहे? हे सगळं दहा मिनिटांत होतं, टर्ममध्ये दोनदा, साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात एकदा आणि नवव्या-दहाव्यात एकदा. दिवसातून दहा वेळा रिफ्रेश करणारा हे करतच नसतो, तो फक्त वरचा आकडा बघतो आणि त्याचा मूड त्या आकड्यावर चालतो. ती सवय वाईटच आहे, त्यावर माझं कुणाशी भांडण नाही. पण वजनकाट्यावर दिवसभर उभं राहणारी माणसं असतात म्हणून डॉक्टर काटा फेकून देत नाहीत.

शिक्षकांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र जोर देऊन सांगायला हवी. दीडशे-दीडशे पेपर, तासावर पगार, आणि त्यात म्हणायचं पंधरा दिवसांत तपासून पोर्टलवर टाका, हे नुसतं बोलून होत नाही. संस्थेला खरंच हे हवं असेल तर तपासायला वेळ द्यावा लागेल, वेळापत्रकात धरावा लागेल, आणि एकूण मार्कांपैकी निदान एक तृतीयांश टर्मच्या मध्यापर्यंत तपासून, दाखवून झाले पाहिजेत असा नियम करून तो सगळ्यांना सारखा लावावा लागेल. एकट्यादुकट्या शिक्षकाच्या चांगुलपणावर ढकलायचं आणि त्याला हुज्जतींना तोंड द्यायला सोडायचं हे बरोबर नाही. आणि जे लोक म्हणतात मध्ये काही नको, शेवटी एकदमच सगळं नीट लावू, त्यांनी २०२० चं इंग्लंड आठवावं. कोरोनात परीक्षा झाल्या नाहीत, ए लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेच्या, ग्रेड गणिती मॉडेलनं ठरवल्या, निकालाच्या दिवशी कळलं की जवळजवळ ४० टक्के ग्रेड शिक्षकांनी दिलेल्या अंदाजापेक्षा खाली आणल्यात, आणि चार दिवसांत ते सगळं मागे घ्यावं लागलं. वाटेत कुणालाच काही बघायला मिळालं नव्हतं, त्यामुळे सगळ्या चुका एकाच सकाळी लोकांच्या दारात येऊन पडल्या.

त्या सॉर्टच्या प्रकारानंतर मी नवव्या आठवड्यात एक तासातली पंधरा मिनिटं राखून ठेवते. सगळ्यांनी आपापले पेपर काढायचे, मोबाईलवर पोर्टल उघडायचं, एकेक ओळ जुळवायची, न जुळलेलं वहीत लिहून मला दाखवायचं. कुणी केबिनमध्ये यायला नको, कुणी सॉरी म्हणायला नको, सगळेच करतायत म्हटल्यावर कुणाला संकोच वाटत नाही. गेल्या टर्मला तीन चुका निघाल्या. दोन कमी पडलेल्या होत्या. तिसरी एका मुलाची, पेपरवर ८ आणि पोर्टलवर १८. तो स्वतः उठून आला, पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाला मॅडम हे जास्त आहेत. मी त्याच्यासमोर १८ चे ८ केले. तो गेला नाही, उभाच राहिला, मग विचारलं की आता उरलेल्यात किती लागतील. आम्ही त्याच्याच पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं, किती झाले, किती राहिले, कशात किती मिळू शकतात. जमण्यासारखं होतं. पाच आठवडे होते अजून.